चिंचेने घासलेला बिल्ला

नगरच्या मास्तरांनी मला फसवलं. राहुरीच्या एका किराणा दुकानाचा पितळी बिल्ला त्यांनी लबाडीने माझ्याकडून काढून घेतला.

काल सूनबाई चिंचेने तांब्या घासत होती. त्या आंबट, पितळी वासाने मी तीस वर्षं मागे गेलो. दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा दुकानदार सुट्या पैशांऐवजी आपल्या नावाचे बिल्ले देत. पुढे मी ते जुने बिल्ले छंद म्हणून जमवायचो. हा मला राहुरीच्या भंगारात सापडला होता. काळपट, कडेला हिरवट.

मास्तर या छंदात माझ्याहून जुने. बिल्ला बघून म्हणाले, "शेठ, चिंच लावून लखलखीत करा. मग बोलू."

मी तासभर घासला. सोन्यासारखा चमकला, पण अंगठ्याखाली अक्षरं गुळगुळीत लागायला लागली.

पुढच्या रविवारी मास्तर हळहळले. "अहो, जुनेपणच घालवलंत! आता याला कोण विचारतंय?"

"तुमीच सांगितलं हुतं ना?"

"मी? गंमत केली असेल हो."

शरमेने मी तो एका चहावर देऊन टाकला. आयुष्यभर बाजारात घासाघीस करणारा मी, त्या दिवशी भावसुद्धा केला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःलाच अडाणी म्हणत आलो. आता नाही म्हणणार. गेल्या महिन्यात मास्तरांच्या प्रदर्शनात तोच बिल्ला काचेखाली पाहिला. शेजारी चिठ्ठी होती : 'अतिदुर्मिळ. मी स्वतः शोधलेला.'

मास्तर, वयाची सूट मिळणार नाही. येत्या रविवारी सगळ्या संग्राहकांसमोर उभे राहा आणि सांगा, हा बिल्ला शोधला कुणी?