पाळीवरचा खड्डा आणि सात टायर

आधीच सांगून टाकते – भूत, भानामती, करणी, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण आमच्याकडच्या तीन-चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नावाने एक गोष्ट फिरते आहे. त्यात म्हणे टायरवाल्या बाईला साक्षात्कार झाला आणि ती तलावाच्या पाळीवर लोटांगण घालून ढसाढसा रडली. मी रडले नव्हते, भांडले होते. जे झालं ते जसंच्या तसं इथे लिहिते, पुढे ज्याला जे मानायचं ते त्याने मानावं.

माझं टायरचं दुकान लाखनीला, हायवेला लागून. दुकान बाबांचं. भावांना नोकऱ्या लागल्या आणि माझ्या हाती टामी आली... टामी म्हणजे रिममधून टायर उचकटायची लोखंडी पट्टी. सुरुवातीला लोक गाडी लावून विचारायचे, "घरी मानूस कोनी नाई का?" आता पवनीकडचे लोकही शोभाताईंचं दुकान कुठे म्हणून विचारत येतात.

या धंद्यात एक आळ कायम डोक्यावर असतो. पंक्चरवालाच रस्त्यावर खिळे टाकतो म्हणे. बाबांना हे इतकं झोंबायचं की फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून ते रोज सकाळी दुकानाच्या दोन्ही बाजूंचा रस्ता खिळ्यांसाठी झाडून काढायचे. मीही झाडते. सकाळी फिरायला निघालेले लोक हसतात, पण मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नाही.

मागच्या मे महिन्यात एका आठवड्यात माझ्याकडे तीन गाड्या आल्या. तिन्हींचं डावीकडचं पुढचं टायर गेलेलं, रिम वाकलेली. टायर जोरात खड्ड्याच्या काठावर आपटलं की रबर काठ आणि रिम यांच्यामध्ये चेपतं आणि बाजूला जोडीने दोन घाव पडतात. हे घाव शिवता येत नाहीत, टायर फेकावंच लागतं. तिन्ही गाडीवाल्यांनी जागा एकच सांगितली... हायवे सोडून आत साडेचार किलोमीटरवर एक जुना तलाव आहे, त्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता जातो, तिथे. (पुढच्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरापोरींची लग्नं व्हायची आहेत.) मी रस्ता बांधणाऱ्याचा उद्धार केला आणि कामाला लागले.

महिनाअखेर अशी सात टायर झाली. पहिली सहा बाहेरच्यांची, सातवं मूळच्या त्या गावच्या गुरुजींचं. गुरुजी आता लाखनीत राहतात, हायस्कूलला विज्ञान शिकवतात, माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवलं. नवी गाडी घेऊन तीन महिने झाले होते, त्यामुळे ते चांगलेच तापलेले. मी म्हटलं, "गुरुजी, त्या खड्ड्याचा फोटो काढा आणि तक्रार करा. तुमचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी ते परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाहा ताई. कुठे आहे खड्डा?"

फोटोत पाळीवरचा रस्ता होता. डांबर हिवाळ्यातच पडलेलं, गुळगुळीत. खड्डा सोडाच, खरवडल्याची खूणही नव्हती.

"खड्डा नाही, मग टायर कशाने फुटून राहिले?" गुरुजी म्हणाले. "कोणीतरी तिथं गोटा ठेवते अन् काम झालं की उचलते. अन् सगळ्या गाड्या तुमच्याच दुकानात कशा येऊन राहिल्या?"

मी म्हटलं, "लाखनीत उतरल्यावर पहिलं दुकान माझं लागते म्हणून. अन् गोट्यावर चढलेल्या टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर ओरखडा असते, गुरुजी. तुमच्या टायरवर नाही. हा काठाचा घाव आहे."

"मग काठ दाखवा," ते म्हणाले आणि निघून गेले.

काठ कुठून दाखवू? संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानाचा फोटो ग्रुपवर आला, वर लिहिलेलं, 'पाळीवरून जाणाऱ्यांनी सावध राहावे. समझदार को इशारा काफी.' माझ्या मुलीनेच तो मला दाखवला. तिच्या मैत्रिणी त्या ग्रुपवर आहेत. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षं हात काळे केले ते यासाठी का, असं वाटत राहिलं. मग मला राग आला आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

सकाळी अकराला मी माझी जुनी व्हॅन घेऊन गुरुजींच्या दारात उभी राहिले. म्हटलं, बसा. ते म्हणाले, कुठे? मी म्हटलं, "विज्ञान शिकवता ना? चला, प्रयोग करू." बायको दारातून पाहत होती म्हणून असेल, पण ते मुकाट बसले.

पाळीच्या अलीकडे गाडी थांबवून आम्ही आधी पायी गेलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. उजवीकडे तलाव पार तळापर्यंत सुकलेला, डावीकडे खाली बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, भेगा पडून मोकळे पडलेले. तलावाचं पाणी बांधीत सोडायच्या मोरीला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्या तुडूमाजवळच सगळ्या गाड्या आपटल्या होत्या. मी खिशातला चॉक काढला आणि मोहाच्या झाडापासून तुडूमापर्यंत दर दोन पावलांवर रस्त्याच्या आरपार रेघ मारली. वीस रेघा, प्रत्येकीला नंबर. डांबर हाताने चाचपलं. गुरुजींना फोटो काढायला लावले. आसपास चिटपाखरूही नव्हतं, फक्त खालच्या बांधीत सदुभाऊ म्हणून एक म्हातारे शेतकरी धुरा, म्हणजे बांधीचा कडेचा बांध, नीट करत होते. मी त्यांना हाक मारून वर बोलावलं, साक्षीला.

मग परत मागे गेलो, गाडीत बसलो आणि निघालो. वेग तीस. मी मोठ्याने रेघा मोजत होते. आठ, नऊ, दहा, अकरा...

धाड. गाडीचा डावा कोपरा सरळ खाली गेला. गुरुजींचं डोकं टपाला लागलं. रिम काठावर आपटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन, तोच तो आवाज. स्टिअरिंग हातातून निसटलं आणि गाडी पंधराव्या रेघेजवळ जाऊन थांबली.

आम्ही उतरलो. डावं पुढचं टायर बसलेलं, दोन घाव जोडीने, रिम वाकलेली. मागे जाऊन पाहिलं तर अकरावी आणि बारावी रेघ जशीच्या तशी, त्यांच्या मधलं डांबर सपाट. मी तिथे गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी ते थोपटून पाहिलं. गरम, कडक डांबर. बाकी काही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी काहीतरी कारण शोधलं असतं. पण चाक काढताना माझा हात ओला झाला. रिमच्या आत चिखल होता. बाहेर भेगाळलेली जमीन आणि आत रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या वेळी असतो तसा काळा, लोण्यासारखा चिखल, त्याला ओल्या बांधीचा वास. आणि त्या चिखलात धानाचं एक रोप. वीतभर, हिरवंगार, मुळासकट. आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचं बियाणं, टाकायला अजून महिना होता.

हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो, तो येतो म्हणून लिहिते. लपवत नाही.

सदुभाऊ शांतपणे पाहत होते. म्हणाले, "बाई, तू बसून काहून गेली?"

"मग कशी जाऊ?"

"आमी सारे इथं उतरतो. मोहाच्या झाडापासून तुडूमापर्यंत. बैलबंडी असो का सायकल, उतरून हातानं नेतो. माहा बाप उतरे म्हनून मी उतरतो. कायले, थे त्यालेई मालूम नोतं."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

मला खरं म्हणजे तिथेच कळायला हवं होतं. पण मी चिडलेली होते आणि माझी खुमखुमी गेली नव्हती. स्टेपनी लावली, गाडी मागे नेली आणि आधी ढकलून पाहिली. दार उघडून मी बाहेरून स्टिअरिंग धरलेलं, मागून गुरुजी आणि सदुभाऊ ढकलत होते. वीसही रेघा पार झाल्या, काही झालं नाही. मग पुन्हा मागे आणून एकटी बसून गेले. अकरावर धाड. सव्वीस वर्षं टायरच्या धंद्यात घालवलेली बाई एकच स्टेपनी घेऊन निघाली आणि भर उन्हात पाळीवर अडकून पडली. हसायचं असेल तर हसा.

तिथेच, मोहाच्या सावलीत बसून, मी गुरुजींना विचारलं, "तुम्ही मोटरसायकलवर होते तेव्हा उतरत होते का?"

चपलेचं डांबर खरवडत म्हणाले, "लहानपणापासून, ताई."

"अन् गाडी घेतल्यावर?"

"गाडीतून उतरून ढकलत नेली असती तर लोक काय म्हणाले असते? तीन महिने काही झालंही नाही. मला वाटलं, सुटलो." मग म्हणाले, "अन् टायर फुटल्यावर कोणाला काय सांगू? विज्ञान शिकवतो मी."

म्हणजे या माणसाला माहीत होतं. वर्गात हसं होऊ नये म्हणून त्याने माझं नाव पुढे केलं. खड्ड्यापेक्षा मला याचा धक्का मोठा होता. मी म्हटलं, "तुमची लाज वाचवायला माझी घेतली का, गुरुजी?"

त्यांनी ग्रुपवर स्वतः टाकलेली ती पोस्ट काढून टाकली. त्याच्या जागी काहीही लिहिलं नाही. ज्यांना वाचायची होती त्यांनी ती वाचलेलीच होती. सदुभाऊंनी मात्र पाहिलेलं गावभर सांगितलं आणि आठवड्याभरात तिथे दगड बसवून शेंदूर लावायचं ठरलं. मला निरोप आला की पहिला नारळ शोभाताईंनीच फोडावा, कारण जागेने त्यांना खूण दिली. म्हणजे कालपर्यंत मी गोटे ठेवणारी, आणि आज पुजारीण. ती टायर मी फोडलेली नाहीत, हे साधं वाक्य मात्र कोणाच्याच तोंडून निघेना.

गेले मी. सकाळी नऊला शंभरेक माणूस जमलं होतं. या वेळी पाळीच्या अलीकडे गाडी लावली आणि भंगारातली ती सातही टायर एकेक करून लोटत आणली, दगडापुढे ओळीने ठेवली. म्हटलं, नारळ राहू द्या, आधी हे पाहा. प्रत्येक टायरचा घाव दाखवला, पट्ट्यावर ओरखडा नाही हे दाखवलं, टायरच्या आत सुकलेला काळा चिखल, जो मी आधी रस्त्याची घाण समजले होते, तो खरवडून त्यांच्या हातावर ठेवला. शेतकरी माणसं, बांधीचा चिखल त्यांनी लगेच ओळखला. बाया कुजबुजू लागल्या. मी म्हटलं, "हे कशाने झालं मला माहीत नाही. पण यात माझा हात नाही, हे एक माणूस सांगू शकते. तो इथंच उभा आहे."

गुरुजी गर्दीत मागे होते. मला वाटलं, निघून जाईल आता हा. पण ते पुढे आले. त्यांच्या शाळेची पोरं समोर बसली होती, त्यांच्याकडे पाहून बोलले. "मले माहीत होतं. मीबी इथं उतरतो. सांगाची शरम वाटली, म्हनून या बाईचं नाव घेतलं. चूक झाली." इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीच ऐकली होती. त्या दिवशी ते आईच्या बोलीत बोलले, आणि खोटं कशाला बोलू, माझा राग तिथल्या तिथे उतरला. रडू मात्र आलं नाही. ग्रुपवाल्यांनी नोंद घ्यावी.

नारळ दुसऱ्या कोणीतरी फोडला. सदुभाऊंनी विचारलं, "आता तरी उतरशीन ना, बाई?" मी म्हटलं, "उतरीन, भाऊ. हात नाही जोडणार."

तेव्हापासून त्या रस्त्याची गाडी माझ्याकडे आलेली नाही, सगळे ढकलत नेतात. मीही कामासाठी गेले की मोहाच्या झाडाशी उतरते, दार उघडून बाहेरून स्टिअरिंग धरते आणि गाडी ढकलत नेते. टायर फुटतं म्हणून उतरते, एवढंच. तो चिखल कुठला, मे महिन्यात ते रोप कुठून आलं, बसलेल्या माणसावरच त्या जागेचा राग का, आणि गुरुजींना आधी तीन महिने का सोडलं... मला विचारू नका. इंजिनीअर येऊन पाहून गेले, त्यांनाही सांगता आलं नाही. तो खड्डा कोणाचा आहे, मला माहीत नाही. माझा नाही, हे मात्र लिहून देते.