बाच्या गुडघ्यामागचा गोळा

आमच्या बाच्या उजव्या गुडघ्यामागे, पाय दुमडतो त्या खळग्यात, एक गोळा आला होता. आधी सुपारीएवढा, मग वाढत वाढत कोंबडीच्या अंड्याएवढा. दुखायचा फारसा नाही, पण बाला उकिडवं बसता येईना. माजिवड्याच्या मिठागरात राबणाऱ्या माणसाचा गुडघाच गेला, तर त्याच्याकडे राहिलं काय? दिवाळी सरली की वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची असे. जो तुडवणार नाही, त्याचा वाफा दुसऱ्याला. बा त्याच धास्तीने खंगत चालला होता.

आई गरम मिठाचा शेक द्यायची. शेजारीण म्हणाली, एरंडाचं पान बांधा. कुणी म्हणे जळवा लावा, कुणी म्हणे तापल्या विळ्याने डाग द्या. दुखणं एकाचं आणि वैद्य गावभर! शेवटी मी, बाची थोरली मुलगी, हट्टाने त्याला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरने गोळा चेपून पाहिला. म्हणाला, "सांध्यातलंच पाणी साठलंय. सुरी लावू नका, डागू नका. यंदा तुडवायला जाऊ नका. पायाला आराम द्या, बहुतेक आपोआप जिरेल."

ना औषधाची बाटली, ना मलम. बा टेंभी नाक्यापर्यंत पाय ओढत आला. मग चिडून म्हणाला, "काय नको करू, येवढा सांगायला डॉक्टर कशाला पायजे?"

घरी काका, म्हणजे बाचा धाकटा भाऊ, वाटच बघत होता. आमच्या लोकांची पक्की समजूत, की भेगाळलेल्या टाचेतून खाडीचं पाणी पायात चढतं आणि गुडघ्याशी तुंबतं. वाफ्यात पाणी तुंबलं की आम्ही बांध फोडतो. झालं! काकाने शहाडहून एक वैदू आणला. मी आडवी आले तर माझ्यावरच खेकसला, "तू गप गो! तुला काय कळतंय?"

वैदूने गोळा कापला. आतून पातळ डिंकासारखं पिवळट पाणी आलं. काकाने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि ओरडला, "खारट! बघा, आपल्या आगरातलाच पानी!" सगळ्यांचे चेहरे खुलले. बासुद्धा हसला. उरलेलं पाणी निथळावं म्हणून वैदूने जखमेत कापडाची वात कोंबली आणि जखमेचं तोंड उघडंच ठेवलं.

मग पाय फुगला, काळानिळा पडला, जखमेला घाण सुटली. बा तापात बरळायला लागला. बैलगाडीत घालून पुन्हा त्याच डॉक्टरकडे नेला. त्याने मला बाजूला घेतलं. "मांडीपासून पाय कापावा लागेल. तरच आशा."

बाने ते ऐकलंच. म्हणाला, "नाय. तुडवायला पाय नाय, मग मना ठेवून काय करशील?"

परत आणला. तो गेला त्या सकाळी मिठागरात तुडवणं सुरू झालं होतं, माणसांच्या आरोळ्या घरात ऐकू येत होत्या.

काका बाच्या पायाशी बसून हमसून हमसून रडत होता. डोळ्यांचं पाणी मिशीत उतरत होतं, मिशीतून ओठांवर. त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि एकदम थबकला. माझ्याकडे बघायला लागला.

मला त्याची दया आली नाही. अंगाची नुसती आग होत होती.

"काय काका," मी विचारलं, "खारट हाय ना?"