फवारणीच्या दिवसांत बंद पडलेला नंबर

आमच्या दुकानात जहर विकल्या जाते.

बोर्डावर कृषी सेवा केंद्र लिहिलं आहे. पण मालक स्वतःच फवारणीच्या औषधाले जहर म्हणत. आमचे हमीदभाई.

आज पहाटे ते गेले. अटॅक आला. दुपारी परतवाड्यात कब्रस्तानात मिट्टी झाली.

मी लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करते. रडू येऊनच राह्यलं. पण त्याच्याहून जास्त भेव वाटून राह्यलं. काहून, ते सांगते.

फवारणीची कोणतीबी बाटली दुकानातून निघाली का तिच्यावर दुकानाच्या फोन नंबरचं स्टिकर लागे. हमीदभाई स्वतः चिटकवत.

"चक्कर आली, उलटी झाली, तं सीधा दवाखान्यात. अन् रस्त्यातून मले फोन कर. समजला?"

कारण माणूस वावरात पडला का घरचे त्याले उचलून आणतात, बाटली तिथंच राहते. अन् डॉक्टर पहिले विचारते, काय फवारलं? कोणं काय नेलं, ते हमीदभाईंले पाठ राहे.

सीजनमध्ये तो फोन वाजला का माह्या हातातलं बिल तसंच राहे.

अन् एका वर्षी ऐन फवारणीत आमच्या मोबाईल कंपनीनं गाशा गुंडाळला. फोन त्यांचाच, दुकानाचं इंटरनेटबी त्यांचंच. मेसेज आला, नंबर टिकवायचा असेल तर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा.

"अभी? दिवाळीतक थांब ना बाई."

"थांबलं तं नंबरच जाईन, भाई."

नव्या कंपनीचा माणूस सिम देऊन गेला. "मॅडम, थोडा वेळ बंद राहीन, टेन्शन घेऊ नका."

जुनं सिम सकाळीच मेलं. नवं काही चालू होईना. कस्टमर केअरले लावलं तं गाणं ऐकत बसा.

मी माह्या मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावून पाह्यला.

"आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही."

हमीदभाईंनी ते ऐकलं अन् त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वर्षा, शटर गिरा."

"भाई, गिऱ्हाईक उभं आहे."

"गिरा म्हणतो ना! मी फोनवर नाही भेटलो, तं दवाखान्यात तरी भेटलो पाहिजे."

स्कूटरवर आमी सरकारी दवाखान्यात गेलो. कॅज्युअल्टीच्या दरवाज्यासमोर बसलो. मी नवं सिम टाकलेला फोन हातात धरून. ते काहीतरी पुटपुटत होते, मी मनात जय गजानन, जय गजानन.

गेटवर ऑटो थांबला का दोघंही उभे राहत होतो. आपल्या ओळखीचं कोणी नको उतरू, एवढंच मागत होती मी.

दुपारून सुभाष उतरला. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. उतरला काय, उतरवला. तोंडाले फेस, डोळे पांढरे.

त्याची बायको आमाले पाहून ओरडलीच.

"भाई, किती फोन लावले तुमाले! ते बाई म्हणते नंबरच नाही!"

हमीदभाई स्ट्रेचरसोबत धावत आत गेले अन् डॉक्टरले औषधाचं नाव सांगितलं. बाहेर येऊन भिंतीले टेकून खालीच बसले.

सुभाष वाचला.

डॉक्टर नंतर बाहेर येऊन म्हणाले, "बरं झालं, हे कीटकनाशक निघालं. ते तणनाशक असतं ना, तर त्याच्यावर उताराच नाही. नाव कळूनही आम्ही फक्त पाहत बसलो असतो."

त्यांनी ज्या तणनाशकाचं नाव घेतलं, ते आमच्या दुकानात थप्पीनं लागलं होतं. सगळ्यात जास्त खपत होतं.

नंबर दुसऱ्या दिवशी चालू झाला. मधल्या वेळात अजून कोणी फोन लावला असन, कोणाचं काय झालं असन, ते आमाले कधीच कळलं नाही. हमीदभाई कितीतरी दिवस येईन त्याले विचारत, "तुमच्या गावात सब ठीक है ना?"

अन् ते तणनाशक त्यांनी कंपनीले वापस केलं. पुन्हा कधी ठेवलं नाही.

मी म्हटलं, "भाई, लोकं समोरच्या दुकानातून नेतातच ना."

"नेऊ दे. मेरे हाथ से नहीं."

आज त्याच तणनाशकाच्या कंपनीचा सेल्समन मातीले आला होता. चांगला रडला. मंग जाता जाता मले बाजूले घेऊन म्हणे, "मॅडम, आता तरी ठेवा ना आमचा माल. भाईंची पोरं नाही म्हणणार नाहीत, तुम्ही फक्त ऑर्डर टाका."

मी तशीच वळून चालायले लागली.

फवारणी सुरू झाली आहे, हमीदभाई. पोरं धंदा शिकलेली नाहीत. ऑर्डर मीच टाकते, अन् तो फोनबी आता मलेच उचला लागन.

लय भेव वाटून राह्यलं. पण त्या तणनाशकाची ऑर्डर नाही टाकणार.

खुदा हाफिज, भाई.