बिनमाईकची धवलारीण

आमच्या गावात चंपाला 'शांतीची झेलकरीन' म्हणत, आणि इंद्रलोक वसाहतीच्या पलीकडं काचेची जी इंटरनॅशनल शाळा उभी राहिली तिथं 'मावशी'. दोन्हीत चंपा हे नाव कुठंच नाही. तिचं जुनं दुखणं तेच.

झेलकरीन म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं तिच्याकडं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण ओळ टाकते, शेजारी बसलेली बाई ती झेलते आणि पुढं ढकलते. झेल आल्याशिवाय दुसरी ओळ टाकायची नाही, आणि टाकलेली ओळ अधांतरी सोडायची नाही. सोडली तर लग्नघराला बट्टा. आता या कामात मान कुणाला, तर टाकणारीला. नवं लुगडं तिला, जेवणाचं पहिलं पान तिला. झेलणारीला राहिलेलं पान आणि बसून बसून आखडलेले गुडघे.

शांती टाकायची, चंपा झेलायची. दोघी एका पाड्यातल्या, एका वयाच्या. शांतीचा आवाज पितळेच्या हंड्यावर पळी आपटावी तसा खणखणीत. चंपाचा जाड, मातकट. वाईट नाही, पण शांतीच्या शेजारी बसला की वाईट वाटतो. वीसेक वर्षं तो तिथंच बसलेला.

म्हणून चंपाला शाळा फार प्यारी. शाळा उभी राहिली ती आमच्या भाताच्या शेतांवर. चंपाचा नवरा धर्मा, त्याचाही एक तुकडा त्यात गेला. चंपाला त्याचं काही वाटत नव्हतं. भात लावून कंबर तिची गेलेली, धर्माची नाही. शाळेत गार लादी, डोक्यावर पंखा आणि शांतीचा पत्ता नाही. लादी पुसताना ती धवले गुणगुणायची. पाचवी ते दहावीची ती पोरं, कुणी गुजराती, कुणी सिंधी, कुणी शांती नगर कॉलनीतली मराठी, "मावशी, वन मोर!" करून ओरडायची. गावात शांती, शाळेत मी, असा चंपानं मनाशी हिशेब लावून टाकला होता.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. शाळेत कल्चर वीक निघाला. सोमवारच्या प्रार्थनेत जाहीर झालं, मंगळवारी खाण्याचे स्टॉल, बुधवारी विज्ञानाची मॉडेलं, गुरुवारी देशोदेशीचे कपडे आणि शुक्रवारी मोठ्या हॉलमध्ये 'आपल्या मातीची गाणी'. हे सगळं बघायचं रसिका मॅडमकडं होतं. मॅडम दादरहून शांती नगरात राहायला आलेल्या, बोलायला गोड, पायाला भिंगरी.

प्रार्थना सुटली तशा त्या चंपाकडंच आल्या.

"मावशी, तुमच्यात लग्नाला ती गाणी म्हणतात ना, धवले? शुक्रवारी हवीत. कोण म्हणेल?"

चंपाच्या हातातलं फडकं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला बोलवायला आलं होतं. आणि बोलवायला आल्यावर काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं, शांतीच्या ओट्यावर बसून तिनं ते कितीदा पाहिलेलं. आमच्यात धवलारीण एकदम 'येते' म्हणत नाही. म्हणाली तर हावरी ठरते. ती आधी नाही म्हणते आणि दुसरीचं नाव सांगते. बोलवायला आलेली बाई फतकल मारून बसते, "न्हाय गो बाय, तूच पायजेस" म्हणते. असं दोन-तीनदा होतं, मग पानसुपारी घेतली जाते.

चंपानं पदर नीट केला, नजर खाली घातली.

"मना कुटं येतंय म्याडम. ती शांती हाय आमच्या गावात, ती गाते. मी आपली तिच्या मागं."

आणि 'तूच पायजेस' ऐकायला उभी राहिली.

"अरे वा!" मॅडमनी मोबाईल काढला. "शांतीताईंचा नंबर आहे?"

चंपाचं तोंड उघडं राहिलं. बाईनं रीत मोडली. पण बाईला रीत माहीतच नाही हे डोक्यात शिरेपर्यंत चंपानं स्वतःच्या तोंडानं नंबर सांगूनही टाकला होता. मॅडम थँक्यू म्हणून गेल्या. लादी तशीच अर्धी ओली.

मंगळवारी पोरांनी ढोकळे, पास्ता आणि काय काय मांडलं. चंपानं उष्ट्या प्लेटा गोळा केल्या आणि एकही पदार्थ चाखला नाही. संध्याकाळी घरी आली तर धर्मा ओटीवर बसून वर तोंड करून सांगतो, "शांतीला शालंत बोलवलंय. मोटी मानसं येनार बोलतान."

"मना म्हाईत हाय," चंपा म्हणाली. "मीच नाव सांगलंय."

"तू? कनाला?"

या 'कशाला'वर चंपा पिठाच्या परातीकडं वळली. तिनं भाकरी अशी थापली की परातीला पोच आला. सून विनिता चुलीपाशी होती, ती गालात हसली. तिलाही चार शब्द पडले.

बुधवार तर मुळावरच आला. सातवीच्या कुणीतरी ज्वालामुखी केला होता, तो नको तेव्हा फुटला आणि लाल पाण्यानं सगळा पॅसेज माखला. चंपा गुडघ्यांवर बसून ते पुसत होती, तेवढ्यात समोरून चपला आल्या. नव्या. वर हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, गळ्यात 'पाहुणे' लिहिलेली प्लास्टिकची पट्टी. शांती तालमीला आली होती.

"अगो चंपे! हतं हायस होय? माजा पाय घसरंल ना गो, नीट पुस."

मॅडमनी शांतीला ऑफिसात सोफ्यावर बसवलं. मग दारातून हाक आली, "मावशी, ताईंना चहा आणता?"

आणला. कपबशीतून. त्या शाळेत चंपाला चहा मिळायचा स्टीलच्या पेल्यात, आणि कपबशी धुवायला. शांतीनं बशीत ओतून फुर्र केला आणि म्हणाली, "साकर कमी झाली गो." चंपानं साखर आणली. चमचा मुद्दाम ओला आणला, साखरेचा गोळा व्हावा म्हणून. जळणाऱ्या माणसाची मजल असते ती एवढीच.

शांती वाईट नव्हती. ती सहज बोलायची, आणि चंपाला तेच डाचायचं. निघताना म्हणाली, "सुक्करवारी माज्या बाजूला बस. झेलाला तूच लागशील."

"मना ड्युटी हाय."

"हाय तर हाय. मध्येच ये, झेल नि जा."

म्हणजे चंपा नळाच्या पाण्यासारखी. हवं तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. गुरुवारी एक पोरगी केसांत काड्या खोचून जपान झाली, एकानं घरची चादर गुंडाळली. सगळी शाळा हसत होती आणि चंपा जिन्याच्या कठड्यावर फडकं घासत एकच गोष्ट ठरवत होती, की उद्या झेलायचं नाही. तोंड शिवून उभं राहायचं. शांतीची पहिली ओळ लोंबकळू दे हॉलभर. कळू दे एकदा सगळ्यांना, झेलकरीन नसली की धवलारीण कोण असते.

शुक्रवारी हॉल भरला. पुढं आईबाप, मागं पोरं. स्टेजवर छोटा मांडव. नवरानवरी म्हणून पोरं बसवायला प्रिन्सिपल सर तयार होईनात, तेव्हा पाटावर दोन नारळ ठेवले, एकाला मुंडावळ्या, एकाला हिरवी चोळी. शेजारी शांती, तिच्या तोंडासमोर माईक. चंपा मागच्या दाराशी, सहावीची रांग सांभाळत.

शांतीनं हॉलवरून नजर फिरवली, चंपा दिसली तशी हातानं 'ये' केलं. चंपा छताकडं बघू लागली. मॅडम घड्याळ बघत होत्या. शांतीला वाटलं, तिथूनच झेलेल. तिनं टाकली.

"उंबराची फांदी गो मांडवाला आनिली..."

काय आवाज लागला! लहान पोरंसुद्धा चूप झाली. आणि पुढं काही नाही.

शांती थांबली. परत तीच ओळ टाकली. परत नुसताच पंखा. झेल नाही तर पुढं जाता येत नाही, आणि सोडून उठताही येत नाही. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा आवाजाला घाम फुटलेला दारापर्यंत ऐकू आला. आईबाप एकमेकांकडं बघू लागले. चंपाच्या अंगावर कसा गार वारा आला. अख्खा आठवडा ज्यासाठी जळली ते मिळालं होतं.

पण शांती कच्ची नव्हती. माईक हातात धरून म्हणाली, "म्हना रं पोरांनो माज्या मागं! मांडवाला आनिली..."

"मांडवाला आनिली!" सगळी पोरं एकदम. बेसूर, पण दणदणीत. सहावीची रांग सगळ्यात मोठ्यानं. चंपाच्या हाताखालचा एक सिंधी पोरगा तोंड फाडून म्हणाला आणि वर तिलाच विचारतो, "मावशी, आप क्यों नहीं गा रहे?"

झालं. चंपाची जागा तिच्या डोळ्यांसमोर गेली. वीस वर्षांचा झेल ज्वालामुखीवाल्या पोरांनी दोन मिनिटांत उचलला. म्हणजे तिच्यावाचून शांतीचं अडत नव्हतं, गावात नाही आणि आता शाळेतही नाही. एवढा वेळ शांतीवर जळत होती, आता पोरांवरही जळायला लागली.

शांती आरामात दुसरी ओळ घ्यायला श्वास भरत होती. तेवढ्यात मागच्या दारातून चंपानं टाकली.

"हलदीची वाटी गो पाटावरी मांडिली..."

जाड, मातकट, पण सगळ्या हॉलवरून सरळ स्टेजपर्यंत. शांतीचा श्वास छातीतच राहिला. ओळ पडली होती. आता ती झेलणं आलं, नाहीतर अधांतरी सोडणं आलं, आणि धवलारीण मेली तरी ओळ सोडायची नाही. शांतीनं झेलली.

"पाटावरी मांडिली, करवलीच्या हातांनी..."

चंपानं श्वासही घेऊ दिला नाही, पुढची टाकली. मग त्याच्या पुढची. दारात उभी, एका हातात सहावीच्या पोराचं बखोट, आणि टाकतेय. हळद दळली, हळद लावली, नारळांना न्हाऊ घातलं. स्टेजवरची हिरवी नऊवारी नेसलेली शांती, गजरा घातलेली शांती, एकेक ओळ झेलतेय. शेवटची ओळसुद्धा चंपाची.

टाळ्या काय पडल्या! आणि सगळ्या स्टेजकडं. कारण माईक शांतीपुढं होता. पुढं बसलेल्यांना आवाज ऐकू आला तो शांतीचा. मागून कुणीतरी मावशी सूर धरतेय एवढंच त्यांना वाटलं. प्रिन्सिपल सरांनी शाल शांतीच्या खांद्यावर घातली. शनिवारी फाटकाजवळच्या काचेच्या बोर्डावर आठवड्याचे फोटो लागले, त्यात शांती दोन नारळांसह मधोमध. मॅडम चंपाच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मागून मस्त साथ दिलीत हं."

कुणी टाकली आणि कुणी झेलली हे त्या सगळ्या शाळेत कळणारी माणसं दोनच.

त्यातली दुसरी शुक्रवारीच फाटकावर उभी होती, शाल घडी करून काखेत मारलेली.

"पुडं घुसलीस, चंपे."

"मंग सोडायचीस ओळ. झेललीस कनाला?"

"सोडतात व्हय ओळ? पोरांच्या देकत?"

"मंग झेलत ऱ्हा."

"आवाज बघ तुजा. म्हस पान्यात बसल्यावानी."

"त्याच म्हशीच्या मागं गेलीस ना आज?"

शांतीनं रस्त्याकडं हात केला. रिक्षा थांबवली, एकटीच बसली. जाता जाता डोकं बाहेर काढून म्हणाली, "आतेपासून तुजं तू नि माजं मी." रिक्षावाल्याला वाटलं त्याला म्हणाली, तो म्हणाला, "किधर जाना है, पहले वो बोलो."

शांतीनं खरंच पालीच्या आपल्या भाचीला झेलाला धरलं. चंपा महिनाभर कुठल्या मांडवात गेली नाही. मग लग्नाचे दिवस दाट आले, एका तिथीला तीन-तीन मांडव, शांती एक. मोठी घरं शांतीला, आणि राहिलेली चाळीतली, पत्र्याखालची लग्नं चंपाकडं येऊ लागली. आवाज म्हशीचा असला तरी धवले तिला सगळे पाठ. झेलणारीला टाकणारीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. लुगडी हलकी मिळायची, पण नवी. पहिलं पान तिचं. खारीगावात कुणीतरी तिला 'चंपा धवलारीण' म्हटलं तेव्हा तिनं घरी येऊन ते धर्माला दोनदा ऐकवलं. तरी शांतीला कुठल्या घरून काय मिळालं, याची चौकशी ती आजही करते.

झेलाला तिनं विनिताला बसवलं. घरचीच सून, बाहेरची बाई नको. विनिताचा आवाज कोवळा, सरळ, बायका स्वयंपाक सोडून ऐकायला येतात. परवा राई गावात एका हळदीला मी होतो. चंपानं ओळ टाकली, विनितानं झेलली, आणि मांडवातल्या सगळ्या माना विनिताकडं वळल्या. चंपानं ते पाहिलं. पुढची ओळ टाकायच्या आधी ती सुनेच्या कानाशी वाकली.

"विनिते, जरा बारीक आवाजात. नि माज्याकडं बघून गा, लोकांकडं नको."