पुसलेला आवाज

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. हर्षलाला तर नाहीच. तुम्हालाही का सांगतोय, ते मला नीट कळलेलं नाही.

हर्षला माझी बायको. माहेर उलव्याकडचं, खाडीकाठच्या आगरी गावातलं. ते गाव विमानतळात गेलं. तिची आई लग्नांत धवले म्हणायची – हळदीपासून वरात निघेपर्यंतची गाणी, सगळी तोंडपाठ. गाव उठायच्या आधी हर्षलाने आईला समोर बसवून ती रेकॉर्ड केली. मीच ती हार्ड ड्राइव्हवर टाकून दिली होती. सासूबाईंनी ड्राइव्ह हातात घेऊन विचारलं होतं, "जावयबापू, माजा आवाज र्‍हाईल ना यात?"

राहील, म्हणालो मी.

पुढे मी एक छोटा कॉम्प्युटर घेतला. हातात धरून वापरायचा, लिनक्सवर चालणारा. ऐरोलीला ऑफिसात सगळा दिवस स्क्रीनसमोर, आणि घरी येऊन पुन्हा तेच – पण हे माझं खेळणं होतं. त्यात जागा कमी पडायची. बाहेरून जोडायला कुठली ड्राइव्ह घ्यावी? मी आठवडेच्या आठवडे रिव्ह्यू वाचले. ही गरम होते, ती जास्त करंट ओढते. ठरेना. एका संध्याकाळी वाटलं, घरातलीच लावून बघू – चालली तर तशीच घेऊ.

कपाटातली ती सासूबाईंच्या गाण्यांची ड्राइव्ह लावली. गेम्स टाकायचे तर आधी फॉरमॅट करावी लागणार होती. सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का – असं स्क्रीनवर स्पष्ट विचारलं होतं. हर्षला स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. एक हाक मारली असती तर? मी स्वतःला सांगितलं, तिने लॅपटॉपवर कॉपी ठेवलीच असेल. आणि हो म्हटलं.

नव्हती कॉपी.

सासूबाई गेल्या. बाराव्याला आईचा आवाज लावायचा म्हणून हर्षलाने ड्राइव्ह लॅपटॉपला जोडली. लिनक्ससाठी फॉरमॅट केलेली ती लॅपटॉपला वाचताच येईना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच म्हणाली, "शिफ्टिंगला माझ्या हातून पडली होती ना रे? तेव्हाच गेली असेल."

मी काय म्हणालो असेन?

"असेल."

एवढाच शब्द. तो मागे घेता आला असता – त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, कुणाकडून तरी डेटा काढून आण. मी ड्राइव्ह घेऊन वाशीला गेलो. दुकानाच्या दारापर्यंत गेलो, हे खरं आहे. पण आतला माणूस लगेच ओळखणार होता की ही पडून बिघडलेली नाही, पुसलेली आहे, आणि वर माझे गेम्स भरलेत. कदाचित थोडं काही निघालंही असतं. एखादं कडवं? मला माहीत नाही. मी आत गेलोच नाही. एका मॉलमध्ये बसून राहिलो आणि घरी येऊन सांगितलं – नाही होत म्हणाले. ती रडली नाही. तिने माझ्यासाठी चहा टाकला.

परवा तिच्या भाचीची हळद होती. बायका म्हणाल्या, तू म्हण गो, तुझ्या आयेचा धवला. हर्षलाने सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात अडकली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच. मग हळद लागलेल्या त्या पोरीसमोर, सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढचं आईच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. माझ्या हातून पडलं ते."

बायकांनी तिची समजूत घातली. मी तिथेच उभा होतो, मोबाइलवर शूटिंग करत. हात खाली घेतला नाही.

हर्षला आता साधा चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरते. रोज, माझ्यासमोर. आणि मी बघतो.