एका घराला एकच मदत

दाजी वालावलकर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि बंदराजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले, तेव्हा गावाला त्यांची गरजच होती. छोट्या गावाची छोटी नगरपालिका. दवाखाना तिचा, क्षयाच्या रोग्यांना सुया टोचणारा कंपाउंडर तिचा. देवस्थान अडल्यानडल्याला तांदूळ देई. मुंबईकरांचं मंडळ दुधाच्या पावडरीचे डबे पाठवी आणि महिला मंडळाच्या बायका शाळेच्या पडवीत दूध कालवून पोरांना वाटत. पण याचा पत्ता त्याला नाही. ज्याची ओळख तो तिन्ही दारांतून घेऊन जाई आणि भिडस्त माणूस घरात उपाशी राही.

हे सगळं एका जाजमावर आणलं दाजींनी. देवस्थानचे मानकरी महिला मंडळाबरोबर बसायला तयार नव्हते आणि मुंबईकरांना नगरपालिकेवर भरवसा नव्हता. दाजी घरोघर गेले, मानपान सांभाळले, आणि सत्तावन्न साली सगळ्यांची मिळून एक मदत समिती उभी राहिली. दाजी तिचे चिटणीस, आणि नगरपालिकेच्या माडीवरची एक खोली ही तिची कचेरी. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम घालून दिला: एका घराला एकच मदत. कुणाचंही दुमत झालं नाही. पुढे कुडाळची माणसंसुद्धा ही व्यवस्था बघायला आली. दाजींना त्याचा अभिमान होता, आणि तो वावगाही नव्हता.

धोंडू हा गलबतावरचा खलाशी. मुंबईच्या गोदीत रक्त ओकला म्हणून घरी आला होता. समितीने त्याच्या सुया सुरू केल्या. दोनेक महिन्यांत त्याच्या अंगावर मांस दिसू लागलं. त्याच सुमाराला त्याची बायको रुक्मिणी कडेवर तान्ही मुलगी घेऊन नगरपालिकेच्या जिन्याशी उभी राहिली.

"दाजीनू, माज्या चेडवाक दूध होया. माज्या अंगावरचा आटला. दुधाच्या केंद्रावरच्यो बायो म्हणतत, तुमच्या घराक सुयो गावतत, दूध गावूचा नाय."

दाजी घरात मालवणीच बोलत. कचेरीत मात्र त्यांची भाषा इस्त्रीची. "नियम सर्वांना सारखा आहे, बाई. तुम्हाला सवलत दिली तर उद्या या जिन्यावर रांग लागेल."

"नियम माका कळता," रुक्मिणी म्हणाली. "चेडवाक खंय कळता?"

त्या पोरीचे हात काटकीसारखे होते. दाजींनी ते पाहिले आणि नजर खिडकीबाहेरच्या माडांकडे वळवली. ती गेल्यावर त्यांना वाईट वाटलं. पण भिडेला बळी पडलो नाही याचं थोडं समाधानही वाटलं. पुढे आयुष्यभर त्यांना खुपत राहिलं ते हे समाधान.

थोड्याच दिवसांनी धोंडू स्वतः आला. केस तेल लावून चापून बसवलेले, सदरा धुतलेला. दाजींसमोर छाती काढून उभा राहिला.

"मी बरो झालंय, दाजीनू. बघा, जिनो चढान इलंय, एक ढास नाय. माजी सुई दुसऱ्या कोणाक द्या. माज्या घराक दूध घाला."

कंपाउंडर तिथेच होता. तो हळूच म्हणाला, "दाजी, अजून बऱ्याच सुया बाकी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय ना?" दाजी म्हणाले. वेंगुर्ल्याच्या वाटेवरचा एक पोरगा कधीपासून सुयांसाठी थांबला होता, जागा मोकळी होत होती, सगळं कसं नेमकं जुळत होतं. धोंडूच्या कपाळावर घाम होता आणि बोलताना तो दोन वेळा थांबला होता, हे दाजींनी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि सोडून दिलं. पुढच्या बैठकीत त्यांनी समितीचा पहिला रोगी बरा झाल्याचं सांगितलं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

धोंडूच्या घरी दूध सुरू झालं. लक्ष्मी, ती पोरगी, बाळसं धरू लागली. धोंडू किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढायला जाऊ लागला. पावसाळा सरता सरता त्याने पुन्हा अंथरूण धरलं. बातमी कळताच दाजींनी धावपळ करून सुया परत सुरू करवल्या, पण या खेपेला त्यांनी गुण दिला नाही. शिमग्याच्या आधी धोंडू गेला.

दाजी समाचाराला गेले. झावळ्यांच्या कुडाशी रुक्मिणी बसली होती, मांडीवर मुलगी. दाजी उभेच राहिले.

"गो रुक्मिणी, तेना सुयो मधीच सोडूक नको होत्यो," ते म्हणाले. यावेळी भाषा घरचीच आली.

तिने मान वर केली. "तेंका ठावक होता. बरे झाले म्हणान नाय सोडल्यानी. रात्री ढास इली की उशयेत तोंड खुपशीत. माका म्हणाले, एका घराक एकच गावता मगे, तर ता चेडवाक गावांदे."

दाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमी मुद्दाम नाय केलात, ता माका कळता," ती म्हणाली. "पण तुमका बरा वाटात असा काय मी बोलूचंय नाय."

घरी येऊन त्यांनी सरलाबाईंना, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. त्यांनी निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आपल्या गोठ्यात गाय आसा. माका एक शब्द सांगूचो होतो."

हे दाजींना सुचलंच नव्हतं. समिती, देवस्थान, मुंबईकर, सगळ्यांची दारं त्यांनी मनात फिरून पाहिली होती. आपल्या गोठ्याचं तेवढं राहिलं होतं.

बैठकीत त्यांनी काहीही न लपवता धोंडूची हकीकत सांगितली. कंपाउंडरने अडवलं होतं, तेही सांगितलं. सभासद हळहळले. मानकरी म्हणाले, "दाजी, तुमचा काय दोष? त्याची वेळ आली होती." महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, इतका चांगला नियम एका माणसासाठी मोडू नये. ज्याने त्याने त्यांना धीर दिला. एकानेही दोष दिला असता तर दाजी तिथे ताठ बसू शकले असते. ते उठले आणि म्हणाले, "नियम मीच आणला होता, तो मीच मागे घेतो. आजारी माणसाच्या घरातलं मूल हे वेगळं माणूस आहे. हे मान्य नसेल तर चिटणीस दुसरा बघा."

वाद बराच झाला. मुंबईकरांचं उत्तर यायला उशीर लागला, आणि आलं तेही कुरकुरतच. पण नियम गेला. रोग्याची सुई डॉक्टरांच्या शब्दाशिवाय थांबवायची नाही, असंही ठरलं. पुन्हा रांगा लागल्या, पुन्हा कुणी लबाडी केली, दूध कधी कधी पुरेना. मदत नीट वाटली जात नाही, अशी कुजबुजही सुरू झाली. दाजींनी ती ऐकून घेतली.

रुक्मिणीला त्यांनी दूध केंद्रावर काम देऊ केलं. तिने नको म्हटलं आणि मासळीची पाटी डोक्यावर घेतली. गाईच्या दुधाचा तांब्या सरलाबाईच घेऊन गेल्या. तो मात्र तिने घेतला.

मग दाजींनी एक सवय लावून घेतली. दर आठवड्याला छत्री घेऊन ते बंदरापलीकडच्या वाडीत जात आणि कुणाला काय हवं ते ओट्याओट्यावर विचारत. लोक बहुधा भलतंच बोलत: वारा, जाळी, मुंबईची मनिऑर्डर. दाजी ऐकत बसत. रुक्मिणीच्या अंगणात मात्र ते कधी बसले नाहीत. तिने बसा म्हटलं नाही, त्यांनाही बसवलं नसतं.

लक्ष्मी शाळेत जायला लागली, त्या वर्षीची गोष्ट. दाजी अंगणात उभे होते. रुक्मिणी मासळीची पाटी धूत होती. मान वर न करता म्हणाली, "शिवाच्या आवशीक बघा. ती सांगूची नाय कोणाक, पण तिच्या ढाशेतसून रगत येता."

दाजींनी छत्री उघडली आणि ते तडक वाडीच्या टोकाला शिवाच्या आईकडे वळले.