विदूषकाची टोपी आणि बापूंचा कान

९ डिसेंबर. सकाळी किल्ल्यावर धुकं, दुपारनंतर कोरडा बोचरा वारा.

आमच्या धारूरच्या नाटकमंडळीत मी प्रॉम्प्टर. तालमीतल्या चुका टिपायला वही केली होती. त्यात आता चुका कमी आणि किस्से जास्त झालेत.

नाटक एका राजाच्या नाशाचं. लेखक, दिग्दर्शक आणि राजा, तिन्ही आमचे निवृत्त मास्तर बापू. विदूषक सलीमभाई, मोटारसायकलचा मेकॅनिक. शेवटी सगळे मरतात, त्यात माझं काय काम, असं त्यानं विचारलं. बापू म्हणाले, "राजाला खरं सांगणारा तू एकटाच."

तेव्हापासून नियम पडला. तालीम संपली की विदूषकाची टोपी घालील त्यानं खरं बोलायचं. बाकीच्यांनी रागवायचं नाही.

पहिला नंबर सेनापतीचा, म्हणजे पेरूवाल्या जब्बारचा. "तलवार हाय रे ती," सलीमभाई म्हणाला, "तराजूवानी काहून धरलीस?" जब्बारनं तलवार घरी नेऊन आठवडाभर शेळीपुढं सराव केला. शेळी आता त्याला बघून दावं तोडते.

अंगणवाडीच्या शोभाताई राणी. त्यांनी एक दिवस टोपी मागून घेतली. "रोज चहा राणीनंच करायचा का?" तेव्हापासून चहा राजा करतो. लई गोड असतो, पण ते सांगायला टोपी घालून अजून कुणी उठलेलं नाही.

आता माझी चूक लिहितो. बापूंना माझं सांगणं ऐकू येत नाही, हे सगळ्यात आधी मला कळलं. मी बोललो नाही, नुसता आवाज वाढवला. शेवटी राजाचं वाक्य राजाआधी अख्ख्या हॉलला ऐकू जाऊ लागलं. तरी तालीम झाली की सगळे म्हणायचे, बापू, झकास!

गेल्या वर्षी बीडच्या स्पर्धेत आमचा प्रयोग अर्ध्यात बंद पडला होता. यंदाही पडला तर मंडळी मोडायची, असं ठरलेलं. आठ दिवस उरले तेव्हा सलीमभाई टोपी घालून बापूंच्या पायाशी बसला.

"बापू, तुमाला ऐकू येत न्हाई. आमी सगळे दोन महिने खोटं बोलतोय."

नियम बापूंचाच, त्यामुळे रागावता येईना. त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. लेकानं आणलेलं कानाचं यंत्र, कधी न घातलेलं. "राजाच्या कानात हे शोभंल का?"

सलीमभाईनं मुकुट दुकानात नेला आणि कान झाकतील असे दोन पत्रे जोडून आणला. रंगीत तालमीत राजा मेला, राणीनं हंबरडा फोडला, आणि पत्रा टेकल्यानं यंत्र कुंईं करू लागलं, म्हणजे मेलेला राजा शिट्टी वाजवू लागला. शोभाताईंचं रडणं तिथंच हसण्यात गेलं.

सलीमभाईनं पत्रे काढले. त्याजागी जुन्या ट्यूबचं रबर कापून लावलं, वर सोनेरी रंग दिला.

काल बीडला प्रयोग झाला. बापू तीन ठिकाणी अडले. तिन्ही वेळा मी एकदाच, हळू आवाजात सांगितलं. पडदा यंदा मधेच नाही, तिसऱ्या अंकाच्या शेवटीच पडला. नाटकाला दुसरा क्रमांक.